गटारी, श्रावण आणि लिव्हरमधली चरबी

रसायनी (धागाकर्ती)

आषाढ संपत आला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक गटारीचे जोक, तेच दर वर्षीचे. दुसरा एक प्रश्न, तोही दर वर्षीचाच: "महिनाभर बंद ठेवली की लिव्हर परत नव्यासारखं होतं ना?" मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे नात्यातले, सोसायटीतले, जुने विद्यार्थी सगळे हा प्रश्न माझ्याकडे ढकलतात. म्हटलं एकदा सविस्तर लिहून ठेवावं, पुढच्या वर्षी लिंक फेकता येईल.

प्यावी की न प्यावी, यावर हा धागा नाही. त्यासाठी आधीचे चार धागे आहेत आणि तिथे अजून मारामारी चालू आहे.

दारूमुळे लिव्हरमध्ये चरबी का साठते? बहुतेकांच्या डोक्यात असतं की दारूत साखर असते आणि तिची चरबी होते. व्हिस्की, व्होडका, फेणी या गाळलेल्या दारूत साखर जवळपास नसतेच. मग अल्कोहोलचीच चरबी होते का? होते, पण फार थोडी. १९९९ साली अमेरिकेत काही निरोगी पुरुषांना २४ ग्रॅम अल्कोहोल देऊन पुढचे काही तास मोजमाप केलं गेलं. त्यातल्या ५ टक्क्यांहूनही कमी अल्कोहोलची चरबी झाली. पण शरीराचं एकूण चरबी जाळणं ७३ टक्क्यांनी खाली आलं. सगळी गोम या दुसऱ्या आकड्यात आहे.

अल्कोहोल साठवायला शरीरात जागा नाही. साखर ग्लायकोजेन करून ठेवता येते, चरबी पोटावर ठेवता येते. अल्कोहोल मात्र आलं की जाळूनच संपवावं लागतं, आणि ते काम बहुतांशी लिव्हरच्या गळ्यात पडतं. त्याचे दोन टप्पे. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड करतं, मग दुसरं एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं. ॲसिटेट रक्तात जातं आणि स्नायू, हृदय, मेंदू ते इंधन म्हणून वापरतात. या दोन्ही टप्प्यांत हायड्रोजन सुटतो आणि तो उचलायला एनएडी नावाचा रेणू लागतो. एनएडी म्हणजे मार्केट यार्डातला रिकामा क्रेट समजा. हायड्रोजन भरला की तो एनएडीएच, म्हणजे भरलेला क्रेट. भरलेले क्रेट मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात) रिकामे होऊन परत येतात, पण त्याला वेळ लागतो, आणि क्रेट मोजकेच असतात.

चरबी जाळायलाही हेच रिकामे क्रेट लागतात. दारूने ते अडवून धरले की फॅटी ॲसिड तसंच पडून राहतं. त्यात भर म्हणजे भरलेले क्रेट साचले की ग्लुकोजच्या वाटेवरचा एक मधला पदार्थ ग्लिसरॉल-३-फॉस्फेटकडे वळतो. बारावीची केमिस्ट्री आठवा: तीन फॅटी ॲसिड अधिक ग्लिसरॉल म्हणजे ट्रायग्लिसराइड. न जळलेलं फॅटी ॲसिड हाताशी आहे, त्याला बांधायला ग्लिसरॉलही तयार आहे, मग पेशीत चरबीचे थेंब जमायला कितीसा वेळ लागणार?

हे एका बैठकीचं. रोजची सवय असेल तर प्रकरण जीन्सपर्यंत जातं. चरबी बनवणाऱ्या एन्झाइम्सचा मुकादम असलेलं एसआरईबीपी-१सी नावाचं प्रथिन जोरात येतं, चरबी जाळणाऱ्यांचा मुकादम पीपीएआर-अल्फा मागे पडतो. पोटाच्या चरबीतून सुटणारं फॅटी ॲसिड लिव्हरकडे जास्त येऊ लागतं. आणि लिव्हर एरवी आपली जादा चरबी व्हीएलडीएलच्या कणांत भरून रक्तात पाठवतं, ती रवानगीही पुढे पुढे अडखळते. म्हणजे आवक वाढली, खप घटला, जावक तुंबली.

थोडा हिशोब. ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. क्वार्टर (१८० मिली) म्हणजे ६० ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम, चार पेग झाले. "मी फक्त बिअर घेतो"वाल्यांनी नोंद घ्यावी. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. रात्री नऊ ते अकरा या वेळात संपवलेली क्वार्टर त्याला पहाटेपर्यंत गुंतवून ठेवते. तेवढ्या वेळात पोटात गेलेला चकणा, मसाला शेंगदाणे, चिकन लॉलीपॉप आणि घरी येऊन झाकण उघडून खाल्लेली बिर्याणी यांची चरबी कुठे जाणार ते सांगायला नको.

आता श्रावणाचं. नुसत्या फॅटी लिव्हरच्या टप्प्यावर असाल, तर पूर्ण बंद केल्यावर दोन ते सहा आठवड्यांत बरीचशी चरबी निघून जाते. तेव्हा व्हॉट्सॅपवाल्यांचं अगदीच चूक नाही. "नव्यासारखं" या शब्दापाशी मात्र मी अडते. प्रतिसाद येतील तसं लिहीन.

बंडूनाना

पहिला नंबर लावतो. गटारीच्या तोंडावर असा धागा काढणाऱ्या बाईंचा निषेध! तरी वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

तांबडा-पांढरा

लेख आवडला ताई, पण एक सांगतो. आमच्या कोल्हापूरकडं जुनी माणसं म्हणतात, उपाशीपोटी घेणाऱ्याला दारू खाते. दूध, तूप, मटण व्यवस्थित असलं तर काय होत नाही. आमचे आजोबा तालमीतले. रोज संध्याकाळी ठरल्याप्रमाणं घ्यायचे, वर तांबड्या रश्श्याचं जेवण. नव्वदी गाठली. ह्याला काय म्हणणार?

कसारा लोकल

+१. आमच्याकडेही हेच ऐकलंय. पोटात तेलकट काही असलं की चढत नाही म्हणे.

रसायनी

@तांबडा-पांढरा, हा मुद्दा थट्टेवारी नेता येणार नाही. एके काळी मोठमोठे शास्त्रज्ञ हेच म्हणत होते.

१९४९ साली टोरांटोच्या चार्ल्स बेस्ट यांनी (हो, इन्शुलिनच्या शोधातलेच बेस्ट) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून लिहिलं की, शुद्ध अल्कोहोल लिव्हरच्या पेशींना खास विषारी असल्याचा पुरावा साखरेइतकाच आहे, म्हणजे नाही. त्यांच्या मते दोष कुपोषणाचा. पिणारा नीट जेवत नाही, प्रथिनं आणि कोलीन (अन्नातलं एक पोषकद्रव्य) कमी पडतं, म्हणून लिव्हर बिघडतं. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटल्यावर ते पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं. पिणाऱ्याला सल्ला काय? चांगलं खा. तुमच्या आजोबांचंच तत्त्व.

याला सुरुंग लावला चार्ल्स लीबर यांनी. जन्म बेल्जियमचा, अँटवर्पचा, नंतर न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात काम. पहिली अडचण अशी की उंदराला दारू आवडत नाही. पाण्यात मिसळून ठेवली की तो बेताचीच पितो, त्याच्या रक्तात अल्कोहोल फारसं चढतच नाही. मग प्रयोगातून काय दिसणार? लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी साठच्या दशकात सगळा आहारच पातळ केला. प्रथिनं, जीवनसत्त्वं सगळं भरपूर, आणि एकूण कॅलरींपैकी ३६ टक्के अल्कोहोलच्या. भूक लागली की तेच प्यायचं, दुसरं काही मिळणार नाही. तुलनेच्या उंदरांना अल्कोहोलच्या जागी तितक्याच कॅलरींची साखर. साखरवाले ठीक राहिले, दारूवाल्यांचं लिव्हर चरबीने भरलं. लीबर-डीकार्ली डाएट या नावाने ते पातळ खाणं आजही प्रयोगशाळांत चालतं.

नंतर माणसं. १९६८ साली इमॅन्युएल रुबिन आणि लीबर यांनी स्वयंसेवकांना प्रथिनं भरपूर, चरबी कमी असा आहार आणि सोबत अल्कोहोल दिलं. काही दिवसांतच बायॉप्सीत (लिव्हरचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) चरबी दिसू लागली. आजच्या एथिक्स कमिटीने तो प्रयोग मंजूर केला असता का, मला शंका आहे. १९७४ साली त्याच दोघांनी बबून माकडांत फॅटी लिव्हरपासून सिरोसिसपर्यंतचा (लिव्हर व्रणाच्या तंतूंनी कडक होण्यापर्यंतचा) सगळा प्रवास दाखवला. माकडांच्या खाण्यात कोलीन पुरेसं होतं का यावर पुढे वाद झाले, पण चांगलं खाऊन फॅटी लिव्हर टळत नाही हे तोवर पक्कं झालं होतं.

भरल्या पोटी घेतली की अल्कोहोल आतड्यात हळू उतरतं, म्हणून कमी चढते. @कसारा लोकल, तुमचं ऐकीव तेवढ्यापुरतं बरोबर. पण लिव्हरला शेवटी सगळे ग्रॅम निपटावे लागतातच, वर जेवणातलं तेलही सांभाळावं लागतं.

आजोबांबद्दल: खूप पिणाऱ्यांपैकी ९० टक्के लोकांना फॅटी लिव्हर होतं, पण सिरोसिस साधारण १० ते २० टक्क्यांना. बाकीचे का वाचतात याचं पूर्ण उत्तर नाही, थोडं जीन्समध्ये आहे. पीएनपीएलए३ या जीनचा एक प्रकार २००८ साली लिव्हरमधल्या चरबीशी जोडला गेला. तो ज्यांच्यात असतो त्यांचं लिव्हर चरबी लवकर धरतं आणि पुढे दारूने लवकर बिघडतं. आजोबांकडे तो नसेलही. तुमच्याकडे आहे की नाही ते आजोबांना बघून कळणार नाही.

तांबडा-पांढरा

हे उंदरांचं माहीत नव्हतं. उंदीर शहाणा निघाला म्हणायचं. आजोबांचा मुद्दा राखून ठेवतो, पण माझ्या पोटाकडं बघून बायको वेगळंच बोलती.

स्लाइडवाली

हिस्टोपॅथॉलॉजीत काम करते, म्हणून आमच्या टेबलावरचं थोडं.

लिव्हरच्या बायॉप्सीत चरबी आम्हाला दिसतच नाही, दिसतात ती भोकं. ऊतीचा तुकडा मेणात बसवायच्या आधी त्यातलं पाणी काढायला चढत्या टक्केवारीच्या अल्कोहोलमधून नेतात, मग झायलीनमधून. त्यात चरबी विरघळून निघून जाते. मागे राहतो गोल, स्वच्छ, पांढरा पोकळ भाग. थेंब मोठा असेल तर पेशीचं केंद्रक पार कडेला दाबलेलं, अंगठीच्या खड्यासारखं. लिव्हरच्या प्रत्येक खंडिकेच्या मधोमध एक शीर असते, दारूची चरबी पहिल्यांदा तिच्या भोवतीच्या पेशींत धरते. खरी चरबी बघायची असेल तर तुकडा गोठवून कापायचा आणि ऑइल रेड ओ हा रंग द्यायचा, मग थेंब लालभडक उठतात.

स्लाइड दारूची की डायबेटीसची, हे नुसत्या चरबीवरून बऱ्याचदा सांगता येत नाही. खाली रिपोर्टमध्ये "क्लिनिकल हिस्ट्रीशी जुळवून पाहावे" लिहितो ते उगाच नाही. आणि हिस्ट्रीत पेशंट लिहितो "कधीतरी". हे "कधीतरी" म्हणजे काय, ते देवच जाणे.

चाफेकळी

वाचतेय. स्लाइडवाली, मस्त माहिती! फोटो टाकता येईल का?

स्लाइडवाली

पेशंटच्या स्लाइड्स नाही टाकता येत. शिकवायच्या कलेक्शनमधली मिळाली तर बघते.

उर्राक

गोंयकार हाजीर आसा. काजूची फेणी आणि उर्राक नैसर्गिक आहे हो. बोंडांचा रस आंबवून गाळलेला, त्यात केमिकल नाही, रंग नाही. उन्हाळ्यात उर्राक, लिम्का, मीठ आणि मधे चिरलेली हिरवी मिरची, याने कोणाचं लिव्हर गेल्याचं मी तरी पाहिलं नाही. फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, उगाच नाही.

रसायनी

जीआय मिळाला तो ती गोव्याची आहे म्हणून, लिव्हरला चांगली आहे म्हणून नव्हे :) उर्राक पहिल्या गाळपाची, साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. फेणी पुन्हा गाळून चाळीसच्या वर जाते. एन्झाइमला समोर आलेला रेणू बोंडाचा की मळीचा, हे कळायची सोय नाही. उर्राक हलकी लागते म्हणून मोठा ग्लास भरला जातो, तेवढंच बघा. २०० मिली उर्राकमध्ये २३-२४ ग्रॅम अल्कोहोल होतं.

लिम्काचा विषय निघालाच आहे तर: गोड कोल्ड्रिंकमधलं फ्रुक्टोज मुख्यतः लिव्हरमध्येच वापरलं जातं आणि त्यापासून चरबी बनवायची वाट फार मोकळी असते. एकीकडे दारूने चरबी जाळणं थांबवलंय, दुसरीकडून फ्रुक्टोज नवी चरबी बनवतंय. साधा सोडा घ्या, नाहीतर पाणी.

उर्राक

पाणी?! उर्राकमध्ये?! नाका रे बाबा.

द्राक्षासव

वाइनचं वेगळं आहे ना पण? रेड वाइनमधलं रेझव्हेरेट्रॉल (द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य), एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं वगैरे. नाशिककर म्हणून विचारतो.

डॉ. खोडरबर

एचडीएल वाढतं हे खरं. वाढलेल्या एचडीएलने हृदय वाचतं हे सिद्ध करायला निघालेले बरेच प्रयोग मात्र फसले. रेझव्हेरेट्रॉल ग्लासात इतकं कमी असतं की त्यासाठी वाइन पिणं हे निमित्त झालं. आरोग्याच्या दृष्टीने अमुक इतकी दारू सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२३ पासून जाहीर भूमिका आहे. आवडते म्हणून घ्या. औषध म्हणून घेतो, असं मात्र ओपीडीत मला सांगू नका.

मनमौजी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बंडूनाना

मनमौजी, काय होतं ते? आम्ही वाचायच्या आतच काढलं!

कसारा लोकल

आता माझी केस. वय ३९, उंची पाच-पाच, वजन ६२. कोणीही बघून बारीकच म्हणेल. कंपनीच्या चेकअपमध्ये सोनोग्राफीत "ग्रेड वन फॅटी लिव्हर" आलं. ट्रायग्लिसराइड २४०. एसजीपीटी ५८, एसजीओटी ४४. शुक्रवार-शनिवार मित्रांबरोबर बसतो, प्रत्येक वेळी एक क्वार्टर. मधले पाच दिवस हातही लावत नाही. चेकअपवाला डॉक्टर वर न बघता म्हणाला, "वजन कमी करा." आता ६२ चं किती कमी करू?

डॉ. खोडरबर

इथे इलाज सांगत नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींतली एन्झाइम्स, पेशींना इजा झाली की रक्तात वाढतात. दारूने लिव्हरला सूज असेल तर बहुधा एसजीओटी वर आणि एसजीपीटी खाली असतं, गुणोत्तर दोनच्या पुढे. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-६ कमी पडतं आणि एसजीपीटीचं एन्झाइम त्याच्याशिवाय नीट चालत नाही, म्हणून तो आकडा फसवा कमी येतो. तुमचं उलट आहे, एसजीपीटी जास्त. हा नमुना साखर-चरबी-कमरेच्या घेराच्या बाजूचा. म्हणून दारू निर्दोष सुटली असं समजू नका. आठवड्याला दोन क्वार्टर म्हणजे १२० ग्रॅम. २०२३ साली फॅटी लिव्हरची नावं बदलली, त्यात पुरुषांसाठी आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम आणि बायकांसाठी १४० ते ३५० ग्रॅम पिणाऱ्यांचा, ज्यांना चयापचयाचाही दोष आहे अशांचा, मेट-एएलडी हा मधला गट केला. तुम्ही त्या गटाच्या खाली आहात. पण ती सरासरी झाली. लिव्हरला सरासरी दिसत नाही, त्याला शुक्रवारी एकदम ६० ग्रॅम दिसतात. २४० ट्रायग्लिसराइडमध्येही त्याचा वाटा असू शकतो. चेकअप सोमवारी होता का?

कसारा लोकल

सोमवारीच होता 😐

रसायनी

वजनाबद्दल मी जोडते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि इंग्लंडचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडची बारीक माणसं अशी आतून चरबीवाली निघतात. तुमचा बीएमआय २३ च्या जरा खाली येतो, त्यामुळे काट्यावर काही दिसणार नाही. कमरेला टेप लावा, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता.

कसारा लोकल

टेप लावली. ३६ इंच. न ओढता. ओढून ३४ होती.

डॉ. खोडरबर

भारतीय पुरुषांसाठी रेषा ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस. तुमच्या डॉक्टरला "कंबर कमी करा" म्हणायचं होतं असं धरून चला. आणि सोनोग्राफीतला "ग्रेड" फार मनावर घेऊ नका. लिव्हर किडनीपेक्षा किती उजळ दिसतं यावरून बघणाऱ्याने तो ठरवलेला असतो. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असली की फॅटी लिव्हर, पण ती वीस-तीस टक्क्यांच्या आसपास पोचेपर्यंत सोनोग्राफीला नीट दिसत नाही. म्हणजे "नॉर्मल" आलेल्यांनीही लगेच पार्टी करू नये.

टेम्सकाठचा

लंडनहून. इथे श्रावण नाही पण ड्राय जानेवारी (जानेवारीभर दारू बंद) आहे, २०१३ पासून मोठ्या प्रमाणावर चालतो. त्याच धर्तीवर रॉयल फ्री हॉस्पिटलच्या लोकांनी मध्यम ते जास्त पिणाऱ्यांना महिनाभर थांबवून तपासलं, २०१८ मध्ये छापून आलं. इन्शुलिनला न जुमानण्याचं प्रमाण सुमारे चौथाईने उतरलं, वजन आणि रक्तदाबही थोडे उतरले. माझ्या ऑफिसात मात्र एक फेब्रुवारीला पबमध्ये जी गर्दी होते ती बघून सगळं परत चढत असणार.

रसायनी

अगदी तेच. म्हणून मी "नव्यासारखं" या शब्दापाशी अडले. चरबीचे थेंब जातात, ते सोपं. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्यात अल्कोहोल निपटायची दुसरी वाट चालू झालेली असते, सीवायपी-२ई१. तीही लीबर आणि डीकार्ली यांनीच १९६८ साली पुढे आणली. या वाटेवर ऑक्सिजनचे खोडकर रेणू सुटतात आणि साठलेल्या चरबीलाच खवट करतात. त्यातून सूज, सुजेतून व्रणासारखे तंतू. तंतू थोडे असतील तर तेही हळूहळू मागे हटतात, पण त्याला महिने-वर्षं लागतात. घट्ट सिरोसिस झाल्यावर एका श्रावणाने काही हलत नाही. तरी बंद केल्याचा फायदा तिथेही होतो, आयुष्य वाढतं, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून चालू ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

माझं मत विचाराल तर श्रावण पाळणाऱ्यांचा मला राग नाही, कौतुकच आहे. फक्त श्रावण सुटल्या दिवशी बिल वसूल केल्यासारखं पिऊ नका. त्यापेक्षा श्रावण आणि पुढे गणपती उठेपर्यंत धरा. अनंत चतुर्दशीपर्यंत सहा आठवडे होतात. ज्यांच्या घरी गणपती बसतो ते तसंही करतातच.

बंडूनाना

मग पितृपक्ष, मग नवरात्र… बाई हळूहळू कुठे नेतायत ते लक्षात येतंय :)

अवांतर: जाहिरातीतल्या लिव्हर टॉनिकने काही होतं का? मेव्हणे आदल्या दिवशी दोन झाकणं घेऊन मगच बसतात.

डॉ. खोडरबर

आधी टॉनिक घेऊन वर क्वार्टर मारल्याने लिव्हर वाचतं, असं मला कुठे दिसलेलं नाही. मेव्हण्यांना दुसरं काहीतरी सांगा. रोज पिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी डोकं धरलं म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेऊ नयेत. वर बाईंनी जी दुसरी वाट सांगितली तीच पॅरासिटामॉलचा विषारी तुकडा तयार करते, आणि त्याला निकामी करणारा ग्लुटाथायोन पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये आधीच कमी असतो. आणि ज्यांना डायबेटीस आहे, इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी उपाशीपोटी मुळीच घेऊ नये. क्रेट अडकले की लिव्हर नवी साखरही बनवू शकत नाही. साखर एकदम खाली जाते आणि आजूबाजूचे म्हणतात "चढली आहे, झोपू दे".

निमकी

नवीन आहे इथे, आजवर फक्त वाचत होते. विचारायला संकोच वाटतोय. यांची रोजची एक क्वार्टर आहे, सुट्टीच्या दिवशी जास्त. बरीच वर्षं. सकाळी हात थरथरतात, चहाचा कप बशीवर वाजतो. या वेळी स्वतःहून म्हणालेत की श्रावण कडक पाळणार, गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून एक थेंब नाही. मला आनंद झाला होता, पण वरचं वाचून वाटलं विचारावं. बंद करताना काही खायला द्यायचं का, लिव्हरसाठी?

डॉ. खोडरबर

निमकीताई, बरं झालं विचारलंत. त्यांना असं एकदम, घरच्या घरी बंद करू देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

सकाळचा हात थरथरणं म्हणजे शरीराला रोजच्या दारूची सवय लागली आहे. अशा माणसाने अचानक थांबवली की पहिल्या एक-दोन दिवसांत घाम, धडधड, झोप उडणं, कधी फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो: नसलेली माणसं दिसणं, वेळ-जागेचं भान जाणं. तो प्रकार जिवावर बेततो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे पेशंट हॉस्पिटलात येतात आणि घरचे म्हणतात, "अहो, त्यांनी तर सोडली होती." औषधांच्या आधाराने हा आठवडा नीट पार पाडता येतो. सोबत थायामिन, म्हणजे बी-१, डॉक्टर देतील. ते सगळ्यात आधी, लिव्हरचा आहार नंतर. मानसोपचारतज्ज्ञ किंवा व्यसनमुक्ती केंद्र, कुठेही चालेल. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. त्यांना सांगताना "श्रावण नीट पार पडावा म्हणून" असंच सांगा, येतील.

निमकी

धन्यवाद डॉक्टर. उद्याच फोन लावते. गटारीला अजून आठ दिवस आहेत.

चाफेकळी

निमकी, काही लागलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. माझ्या भावाच्या वेळी यातून गेलेय.

तांबडा-पांढरा

वहिनी, चाफेकळीताईंशी बोलाच.

बरं, मी आणि कसारा लोकलनं व्यनित ठरवलंय, अनंत चतुर्दशीपर्यंत दोघंही बंद. थरथर वगैरे दोघांनाही नाही, मी पण आठवड्याला दोनदावालाच. आता आधी आणि नंतर कोणत्या तपासण्या करायच्या तेवढं सांगा, म्हणजे बायकोला कागद दाखवता येईल.

डॉ. खोडरबर

उत्तम. आता एकदा आणि अनंत चतुर्दशीनंतर एकदा: एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी (दारूने वाढणारं लिव्हरचं आणखी एक एन्झाइम), उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल, कंबर, वजन. जमत असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हरची एक खास सोनोग्राफी), त्यात चरबीचा आणि कडकपणाचा असे दोन वेगळे आकडे मिळतात. दोन्ही वेळा लॅब तीच ठेवा. जीजीटी वाढलेलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर यायला हवं. बायकोला दाखवायला तोच आकडा सगळ्यात चांगला. आणि मधल्या काळात दारूच्या जागी रोज साबुदाण्याच्या वड्यांवर ताव मारू नका, नाहीतर कागदावर काहीच दिसायचं नाही.

कसारा लोकल

माझ्या रिपोर्टात एमसीव्ही पण वाढलेला होता, १०१. तोही उतरेल का तोपर्यंत?

डॉ. खोडरबर

दारूमुळे वाढला असेल तर उतरेल, पण इतक्यात नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचं आकारमान, आणि लाल पेशी जगतात सुमारे १२० दिवस. आधी बी-१२ तपासून घ्या, आपल्याकडे त्याच्या कमतरतेनेही एमसीव्ही वाढतो. बी-१२ ठीक निघालं, तर मग त्या आकड्याला दिवाळी उजाडेल.